वच्छलाबाईंचा टोंगळा

मोडका पाय घेऊन आलेल्या माणसालाही दारात "आपलं स्वागत आहे" म्हणायचं, हे मी शिकवलेलं आहे. हात जोडून, मान जराशी कलती ठेवून, दात दिसतील पण हिरड्या दिसणार नाहीत इतपत हसून. बुलढाण्यातल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी हे प्रशिक्षण दिलं, त्याच आठवड्यात मोटारसायकलवरून पडलेल्या एका दूधवाल्याला स्ट्रेचरवरून आत आणलं. काउंटरवरची मुलगी शिकवल्याप्रमाणे हसली आणि तिने स्वागत केलं. तो माणूस तेवढ्या वेदनेतही अर्धवट उठून बसला.

"पाय मोडून आलो बे मी, अन् हे पोरगी स्वागत करून राह्यली! लग्नाले आलो काय?"

सगळा हॉल हसला. मी कोपऱ्यात वही घेऊन उभी होते. वहीत लिहिलं, 'ग्राहकाचा प्रतिसाद : संमिश्र.'

माझा धंदा काय होता ते बाहेरच्यांना सांगणं अवघड आहे, कारण आतल्यांनाही तो फारसा कळलेला नव्हता. दवाखान्यांची जाहिरात करणारी एक एजन्सी. तिचं कार्यालय बुलढाण्यात, कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. मालक प्रतीक, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, पुण्यात शिकून आलेला, बोलताना सारखा हवेत चौकोन काढणारा. एजन्सीचे दोन भाग होते. एक भाग लोकांना दवाखान्याकडे खेचायचा: होर्डिंग, व्हिडिओ, मोफत तपासणीची पत्रकं. दुसरा भाग, आत आलेल्या माणसाला बरं वाटावं, म्हणजे औषधाने नव्हे तर एकूणातच बरं वाटावं, याची आखणी करायचा. त्या दुसऱ्या भागाची मी प्रमुख होते. कस्टमर एक्स्पीरियन्स स्ट्रॅटेजी. त्यापूर्वी पंधरा वर्षं मी एका प्रसूतिगृहाच्या काउंटरवर बसत असे. तिथे या कामाला काहीच नाव नव्हतं. कोण बाई कळा देतेय, कोणाचा नवरा भिऊन बाहेर पळालाय, कोणाला आधी पाणी द्यायचं, हे बघायचं एवढंच. ते मला बऱ्यापैकी जमायचं. प्रतीक म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे रुग्णाची नाडी आहे." मी भुलले.

एक काम मात्र अजूनही अभिमानाने सांगते. त्याच हाडांच्या दवाखान्यात, मुंबईच्या कुणा सजावटकाराच्या सल्ल्याने, प्रतीक्षागृहात जमिनीलगतचे मऊ सोफे टाकले होते. गुडघे गेलेली माणसं त्यात बसायची आणि मग उठताच यायचं नाही. नाव पुकारलं की दोघं धरून ओढायचे. मी ते सोफे काढून उंच, हाताच्या साध्या खुर्च्या आणायला लावल्या. मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे मालक, महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. सोफे त्यांच्या पत्नीने निवडले होते. अख्ख्या नोकरीत रुग्णाच्या उपयोगी पडेल असं मी जे काही केलं, त्यात या खुर्च्या पहिल्या नंबरवर. आणि बराच काळ शेवटच्याही.

बाकीचा वेळ मी नकाशा करत असे. रुग्णाच्या प्रवासाचा नकाशा. कार्यालयातल्या काचेच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून रुग्ण कुठून कुठे जातो ते दाखवायचं. दवाखान्याचं नाव ऐकणं, फोन करणं, येणं, उपचार घेणं, घरी जाणं आणि शेवटची चिठ्ठी, इतरांना सांगणं. या शेवटच्या चिठ्ठीवर प्रतीकने स्वतः हसरा चेहरा काढला होता. आमच्या नकाशात माणूस एकदा का घरी जाऊन हसला की संपला. त्याच्यापुढे चिठ्ठी नव्हती. काच होती, आणि काचेपलीकडे कोर्टाची मागची भिंत.

वच्छलाबाई आम्हाला सापडल्या त्या या शेवटच्या चिठ्ठीसाठीच. मोताळ्याच्या आठवडी बाजारात वाळल्या मिरच्या विकणाऱ्या, पासष्टीच्या आसपासच्या, सडसडीत, ठणठणीत आवाजाच्या बाई. उजव्या गुडघ्यात त्याच हाडांच्या दवाखान्यात कृत्रिम सांधा बसवून दीड महिना झाला होता आणि त्या मनापासून खूश होत्या. आम्ही कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी गेलो तर त्या ओट्यावर आमची वाटच पाहत बसलेल्या.

"पाच वर्सं," कॅमेरा सुरू होतो न होतो तोच त्या म्हणाल्या, "पाच वर्सं माहा टोंगळा असा धरला होता का या ओट्यावरून खाली उतरता येये ना. पोरायले हाक मारा लागे. आता पाहा!" आणि काठीशिवाय, कुणाचा हात न धरता, त्या तीन पायऱ्या उतरून अंगणात आल्या. कॅमेरावाला पोटातून हसला. इतका चांगला व्हिडिओ आमच्या एजन्सीत त्यापूर्वी झाला नव्हता.

प्रतीकने माझ्या कानाशी तोंड आणलं. "मॅडम, टोंगळा नको. गुडघा म्हणायला सांगा. ब्रँडला सूट होत नाही."

वऱ्हाडात गुडघ्याला टोंगळा म्हणतात. माझी आई म्हणायची, मीही म्हणायचे. प्रतीकची आजी मोताळ्याचीच, तीही म्हणत असणार. पण मी मान डोलावली आणि वच्छलाबाईंना शिकवायला बसले. आठ वेळा चित्रण झालं. आठव्या वेळेस त्या कवायतीतल्या मुलीसारख्या हात सरळ ठेवून म्हणाल्या, "माझा गुडघा आता वेदनामुक्त आहे." डोळ्यांतला सगळा मिश्कीलपणा विझला होता. प्रतीकने अंगठा वर केला.

आम्ही सामान आवरत असताना त्यांनी मला विचारलं, "बाई, एक इचारू काय? रात्रीच्याले टोंगळा आतून गरम लागते. ते कायचं असन?"

मी कॅमेऱ्याची वायर गुंडाळत होते. म्हटलं, "नवीन आहे ना, होतं तसं. डॉक्टरांना विचारा."

ऑपरेशननंतर काही महिने सांधा गरम लागतो हे खरंच आहे. मी खोटं बोलले नाही. पण प्रसूतिगृहाच्या काउंटरवर असते तर वायर खाली ठेवली असती.

होर्डिंग लागलं ते बाजाराच्या तोंडाशीच. वच्छलाबाई वर दहा फुटांच्या, एक पाय उचललेल्या, चेहरा मूळ रंगापेक्षा दोन छटांनी उजळलेला. आणि खाली, बरोबर त्याच्या सावलीत, खऱ्या वच्छलाबाई मिरच्यांचा ढीग लावून. सुरुवातीला त्यांना त्याची मोठी मजा वाटायची. गिऱ्हाईक वर बघायचं, खाली बघायचं, मिरची घ्यायचं. प्रतीकने त्याचाही फोटो काढून सादरीकरणात घातला. 'ब्रँडशी प्रत्यक्ष भेट,' असं खाली लिहून.

पाच-सहा महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांचा प्रतीकला फोन आला. मोताळ्याकडून ऑपरेशनला नावं नोंदवलेल्या दोघांनी येण्याचं रद्द केलं होतं. का, म्हणून विचारलं तर दोघांनी एकच उत्तर दिलं. बाजारातल्या त्या बाईंनी सांगितलं, करू नका.

प्रतीक माझ्या टेबलाशी आला, हवेत चौकोन काढला आणि म्हणाला, "आपला चेहराच उलटलाय मॅडम. तुमचं कस्टमर आहे. मॅनेज करा." सोबत त्याने फळांची टोपली दिली. सफरचंदं, वरून चकचकीत कागद, लाल रिबीन आणि इंग्रजीत छापलेलं लवकर बऱ्या व्हा असं कार्ड.

बाजाराच्या दिवशी मी ती टोपली पोटाशी धरून मिरच्यांच्या ओळीतून गेले. माझ्यासारखी बावळट त्या दिवशी त्या बाजारात दुसरी नसावी. वच्छलाबाईंसमोर एक जोडपं उभं होतं. त्या म्हणत होत्या, "वर पाह्यलं ना? आता खाली पाहा." आणि त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं. गुडघा सुजून गोल झाला होता. कातडी ताणून चकाकत होती. जोडपं निघून गेलं.

मी टोपली पुढे केली. त्यांनी मला ओळखलं. रागावल्या नाहीत. टोपलीकडे बघून विचारलं, "सफरचंद कायले?"

"तुमच्यासाठी. दवाखान्याकडून."

"सफरचंद आजारी मानसाले देतेत. म्हंजे मी आजारी हाये, हे मान्य हाये ना त्याइले?"

मी टोपली खाली ठेवली. शेजारी चाळण्या आणि पत्र्याची पिपं विकणारे सलीमभाई बसत. ते म्हणाले, "तीन डाव गेली थे दवाखान्यात, मॅडम. तिन्ही डाव हासून वापस पाठवली तिले."

"हासून?"

"हाव," वच्छलाबाई म्हणाल्या. "लय गोड पोरी हायेत तठी. पन ऐकून कोनी घेत नाई. फोन केला तं फोन म्हनते, गुडघ्यासाठी दोन दाबा. दाबलं. मंग गानं वाजलं. मिरची निवडून झाली माही, गानं सरलं नाई."

मी खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पंधरा वर्षं बायकांच्या कपाळावर हात ठेवलेला माणूस ताप ओळखतो. तो सांधा तव्यासारखा तापला होता.

"चला," मी म्हटलं. "आत्ताच."

"बजार सोडून?"

"जा बाई," सलीमभाई म्हणाले, "मी पाह्यतो दुकान."

एजन्सीच्या गाडीतून आम्ही बुलढाण्याला आलो. मी मुद्दाम गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये टाकलं. काउंटरवर नवी मुलगी होती, मला न ओळखणारी. ती छान हसली. हिरड्या दिसल्या नाहीत.

"आपलं स्वागत आहे."

वच्छलाबाईंनी नंबर सांगितला. मुलीने तो टाकला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा हसली. "यांची जर्नी कम्प्लीट दाखवतंय."

"म्हणजे काय?" मी विचारलं, जसं काही मला माहीतच नव्हतं.

"म्हणजे सिस्टिममध्ये त्या बऱ्या झाल्यात, मॅडम. जुनी फाइल उघडता येत नाही."

वच्छलाबाई काउंटरवर वाकल्या. "मंग सिस्टिमले सांग ना माय, अजून नाई झाली म्हून."

मुलगी गोंधळली. तिला दिलेल्या छापील उत्तरांत याचं उत्तर नव्हतं. ती उत्तरं मी लिहिली होती. शेवटी तिने नवीन रुग्ण म्हणून नाव घातलं आणि आम्ही रांगेत बसलो, उंच खुर्च्यांवर. दीड तासाने एका कनिष्ठ डॉक्टरने गुडघा लांबूनच पाहिला, व्यायाम करत नाही का म्हणाला, आणि गोळ्या लिहून दिल्या. ऑपरेशन कधी झालं, कुणी केलं, हे त्याच्यासमोरच्या कागदावर नव्हतंच. कागदावर त्या आजच पहिल्यांदा आल्या होत्या.

बाहेर पडायच्या दारात मत नोंदवायचं यंत्र होतं. पाच चेहरे, हसण्यापासून रडण्यापर्यंत. वच्छलाबाईंनी थांबून रडका चेहरा दाबला. यंत्र गोड आवाजात बोललं, "धन्यवाद! आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे."

त्या माझ्याकडे वळल्या. 

"हा तं तुमचा आवाज हाये, बाई."

माझाच होता. बाहेरून आवाज घेण्यापेक्षा मॅडमचाच चालेल, प्रतीक म्हणाला होता, ऊबदार आहे.

मग मी ओळखपत्र काढून गळ्यात घातलं आणि कुणाला न विचारता मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी वच्छलाबाईंना आत बोलावलं, लुगड्यावरूनच गुडघ्याला हात लावला, आणि "वजन उचलत असणार या, काळजी घेत नाहीत ही माणसं," असं माझ्याकडे बघून म्हणाले. त्यांना बाहेर बसवल्यावर मला म्हणाले, "तुम्हाला हिला गप्प करायला सांगितलं होतं की इथे घेऊन यायला?"

खरं सांगायचं तर, त्या क्षणापर्यंत मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणि त्यांच्या मुलाला घेऊन अकोल्याला गेले. तिथले एक शल्यचिकित्सक मला नावाने माहीत होते, ते केवळ एवढ्यासाठी की त्यांनी आमच्या एजन्सीला दोनदा दारातून परत पाठवलं होतं. त्यांनी सुई घालून सांध्यातलं पाणी काढलं. ते पाणी नव्हतं, पू होता. बसवलेला सांधा काढावा लागला, आतली जागा धुवावी लागली, काही महिन्यांनी नवा बसवावा लागला. दोन मोठी ऑपरेशनं. मी त्यांना विचारलं, चूक कुणाची? ते म्हणाले, "जंतुसंसर्ग कुणाच्याही हातून होऊ शकतो, माझ्याही. त्याबद्दल मी बोलणार नाही. पण ही बाई वेळेवर तीनदा गेली होती. तेव्हा कुणी नीट पाहिलं असतं तर कदाचित सांधा वाचला असता."

तेव्हा कुणी पाहिलं नाही, कारण पाहणाऱ्याकडे त्यांना पोचूच दिलं नव्हतं. डॉक्टरांना नावं ठेवणं मला सोपं जातं, आणि मी ठेवतेही. पण ती वाट मी आखली होती. मी शेवटची चिठ्ठी चिकटवली आणि पुढे काच ठेवली.

वच्छलाबाई अकोल्याला खाटेवर होत्या तेव्हा प्रतीकचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "मॅडम, कमाल केलीत तुम्ही! हीच आपली पुढची स्टोरी. 'आम्ही साथ सोडत नाही.' मी उद्या कॅमेरा पाठवतो."

"त्या दुसऱ्या दवाखान्यात आहेत, प्रतीक."

"ते फ्रेममध्ये घ्यायचं नाही."

मी वच्छलाबाईंना विचारलं. त्या उशीवर डोकं टेकून हसल्या. "या म्हना त्याले. बोलते मी. पन या डावी मी टोंगळाच म्हनन, अन् सारं सांगन." मी हे प्रतीकला जसंच्या तसं कळवलं. कॅमेरा आला नाही. होर्डिंग उतरवा म्हणून मी तीन पत्रं लिहिली. तेही उतरलं नाही. महिनाभराने कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्याच्यावर चढला, एवढंच.

इथे मी राजीनामा दिला असं लिहायला मला आवडलं असतं. वाचायलाही बरं वाटलं असतं. पण मी आणखी सव्वादोन वर्षं तिथेच होते. तेवढ्या काळात एक गोष्ट केली. दवाखान्यात एक टेबल मिळवलं. टेबल, एक वयस्क परिचारिका आणि एक वही. वर मराठीत पाटी: 'ऑपरेशन झालेल्यांनी इथे यावे.' त्या परिचारिकाबाईंनी गुडघा हाताने बघायचा आणि शंका आली तर थेट डॉक्टरांच्या खोलीत न्यायचं. चार महिने मोठे डॉक्टर नाही म्हणत राहिले. बरे झालेले लोक पुन्हा आलेले दिसले तर नवे लोक काय म्हणतील, ही त्यांची काळजी. शेवटी प्रतीकने त्याला 'रिटर्न केअर लाउंज' असं नाव दिलं तेव्हा त्यांचा होकार आला. त्याच टेबलासाठी पुढे एजन्सीला रुग्णसेवेतल्या नव्या विचारांबद्दल सन्मानचिन्ह मिळालं. ते घ्यायला प्रतीकने मला व्यासपीठावर पाठवलं. मी गेले. शाल घेतली, हसले. वच्छलाबाईंचं नाव मी तिथे घेतलं नाही. घ्यायचं ठरवून गेले होते, भाषणाची चिठ्ठीही केली होती. पण समोर मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत बसले होते, आणि प्रतीकने वेळ कमी आहे अशी खूण केली, आणि मला ती खूण फार सोयीची वाटली.

निवृत्त झाल्यावर मी मिरची घ्यायला मोताळ्याला जाते. बुलढाण्यात मिरची मिळत नाही असं नाही. वच्छलाबाई आता जमिनीवर बसत नाहीत, सलीमभाईंच्या जुन्या पत्र्याच्या पेटीवर बसतात, उजवा पाय सरळ लांब करून. तो आता अर्धाच वाकतो. जवळ काठी असते. मी शेजारी पोत्यावर टेकते, त्या मिरच्या पुढ्यात ओततात आणि मी देठ खुडते. न मागता मिळालेलं काम आहे.

मागल्या खेपेला त्यांच्याच वयाची एक बाई आली. भेंडी विकायला वरवट बकालकडून आलेली, चालताना दोन्ही बाजूंनी हेलकावणारी. तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं.

"तुमीच केलं व्हतं ना आपरेशन? मले सांगून राह्यलेत दोन्ही टोंगळे बदला. करू का नोको?"

मला वाटलं, आता लुगडं वर सरकणार. वच्छलाबाईंनी तसं काही केलं नाही.

"कर," त्या म्हणाल्या. "मले दीड-दोन महिने लय सुख भेटलं होतं, खोटं काऊन बोलू? पन आधी एक गोष्ट इचार. मंग दुखलं तं मी कोनाजवळ येऊ? त्या मानसाचं नाव माग. नाव सांगितलं तं कर. नुसते हासले तं उठून घरी ये."

माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत, काचेवरच्या सगळ्या चिठ्ठ्यांत मिळून, एवढं अकलेचं वाक्य आमच्यापैकी कुणी लिहिलं नव्हतं.

त्या बाईलाही ते पटलेलं दिसलं. तिने पुन्हा एकदा ते मनातल्या मनात घोकलं आणि विचारलं, "हे तुमाले कोनी सांगितलं वो?"

वच्छलाबाईंनी लांब केलेल्या पायावरून हात फिरवला.

"कोनी नाई सांगितलं. कोनी सांगितलं असतं तं हा वाकला असता."

मी बाजूलाच बसले होते. मान वर केली नाही. देठ खुडत राहिले.